पन्हळीचं पान

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक, तुम्हीही असाल.

या हातांनी काय काय केलं, ते एकदा लिहूनच टाकतो. आईच्या शिवणयंत्राचं पायडल, तुझी तीनचाकी, या घराच्या झाडून सगळ्या कड्या आणि गच्चीवरची घायपात. तिचं एकेक पान ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. लाकडी हातोडीने ठोकून मधोमध पन्हळ काढलेलं. शाळा नववीत सुटली, तेव्हा गुरू म्हणशील तर कुंडीतली खरी घायपात. धुकं असो की पाऊस, तिचं पान पाणी टोकाकडून आत, बुंध्याशी आणतं.

आता माझ्या पत्र्याच्या घायपातीखालचं पिंप भरलेलं असतं. शेजारचे आजोबा बादली घेऊन येतात नि विचारतात, "काय, तुमची पत्र्याची गाय व्यायली का?"

वहिनी बरी आहे. गुडघे तसेच. नळाला पाणी नसलं की चार जिने बादल्या वाहायची, ते मात्र थांबलं.

तू ठेवून गेलेला, माझ्या पानावरून तुमच्या कंपनीने केलेला नमुना पाहिला. रंग झकास. टोकावर चमचाभर पाणी सोडलं, ते कडेवरून घरंगळून माझ्या चपलेवर. पन्हळ का गाळली, विचारलं तर तू म्हणालास, "दादा, साचा महाग पडतो रे. दिसायला पान आहे ना? गिऱ्हाईक काय थेंबामागे धावणार आहे?" मी गप्प बसलो. तू त्याला होकार समजलास, साहेबांना शब्द देऊन बसलास. तुझी बढती त्यावर आहे, हेही कळलं.

वहिनीने तळमजल्यावरचं एक घर पाहून ठेवलं होतं. पडद्याचा रंगसुद्धा ठरला होता. मी नमुना तिच्यापुढे धरला. तिनेही चमचा घेतला. ओली फरशी पुसत म्हणाली, "तुमच्या नावाच्या पानाखाली कुणाची बादली कोरडी राहिली, तर शिव्या नावालाच बसतील. मी जिने चढेन, ते ऐकून घेणार नाही."

म्हणून आज सकाळी तुझ्या साहेबांना मीच फोन केला. तुला सांगण्याआधी. रागाव, महिनाभर बोलू नकोस. पण पन्हळ ठोकायला शिकायचं असेल तर हातोडी खुंटीला आहे.

पानावर माझं नाव असेल पण पन्हळ नसेल, या बोलीवर तुम्ही देऊ केलेल्या अठरा लाखांना नाही म्हणणारा,

तुझा दादा