दोन किल्ल्यांचं कपाट

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी वाचून दाखवलं. माझा उजवा डोळा तर गेलाच आहे, आणि डाव्यापुढचा पडदा आता इतका दाट झालाय की बाई समोर बसल्या तरी आवाजावरूनच ओळखतो. लिहायला मात्र मला कुणी लागत नाही. कागदावर पट्टी ठेवतो आणि तिच्या कडेकडेने लिहितो. अक्षर अक्षरावर चढलं असेल तर तूच उतरवून घे. चौथी शिकलेल्या माणसाकडून याहून जास्त मागू नये.

तू लिहितोस की मोटारसायकलची चेन तुटली तेव्हा एका पाववाल्याने तुला भट्टीशेजारी बसवलं, स्वतः धंदा सोडून चेन जोडणाऱ्याला बोलावून आणलं, निघताना पाव बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. वाचताना बाई दोनदा ‘देवमाणूस’ म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, कपडा उसवला तर टाका घालता येतो, अक्कल उसवली तर काय करणार? अरे, पाव शिळे असणार. ताजे पाव कुणी फुकट देत नाही. आणि ज्याला पैसे नकोत त्याला दुसरं काहीतरी हवं असतं, हे एकसष्टाव्या वर्षीही तुला कळू नये? पस्तीस वर्षं गोदामात वजनकाट्यावर बसलास, पण माणसाचं वजन काही तुला करता आलं नाही.

मी पन्नास वर्षं कुलपं बनवली. माणसं तू म्हणतोस तशी असती तर माझं पोट भरलं असतं का?

आता मुद्द्याचं. डोळ्याच्या दवाखान्यातून निरोप आलाय. बाहेरगावचे मोठे डॉक्टर २४ तारखेला येणार आणि माझा नंबर लागलाय. सोबत डोळ्याच्या मोजणीचा कागद हवा, त्याशिवाय ते डोळ्याला हात लावत नाहीत. नव्याने मोजायचं तर पुन्हा रांगेत बसा, आणि रांग आठ महिन्यांची आहे. तोवर हा डोळा थांबणार नाही, असं तिथली नर्स म्हणाली. तिला काय, तोंड उचकटून बोलायला जातंय!

तो कागद कपाटात आहे. दर एक तारखेला आपण दोघं ते उघडतो, यंदा एक तारीख उलटली तरी उघडलं नाही म्हणून काल किल्ल्यांचा खिळा चाचपला, तर तुझी किल्ली जागेवर नाही. तुझ्या मोटारसायकलच्या जुडग्यात ती गेली, होय ना? सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. आई गेल्यावर तिच्या बांगड्या सापडेनात, तेव्हा तू माझ्याकडे आणि मी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यातून ते कुलूप जन्मलं. दोन किल्ल्या, दोन माणसं, दोघांनी एकाच वेळी फिरवायचं. बांगड्या पुढे तिच्या उशीच्या खोळीत निघाल्या, पण कुलूप राहिलं. कुणाच्या बापाला उघडणार नाही असं बनवलं होतं मी. आता बनवणाऱ्यालाही उघडत नाही.

किल्ली ताबडतोब धाड. आणि जगाच्या टोकापर्यंत जायचं वेड सोडून माघारी फिर. रस्ता संपतो तिथे काय असतं ते बघायचंय म्हणतोस. रस्ता संपतो तिथे रस्ता नसतो, दुसरं काय असणार!

अनोळखी माणसाकडे खाऊ नकोस. लोभ आहेच, तो वाढावा असं तू काही केलेलं नाहीस.

तुझा दादा


ता. ११ मार्च

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र खिंडीतल्या पोस्टात आज हाती आलं आणि आधी जुडगं काढून पाहिलं. किल्ली माझ्याच जुडग्यात आहे. दादा, चूक माझी. शंभरदा माफी मागतो आणि मग तुम्ही शंभर शिव्या द्या, हिशेब चुकता.

लगेच निघालो असतो, पण गाडीचा पिस्टन घासलाय. चढ लागला आणि तिने मानच टाकली. नवा भाग खालच्या शहरातून यायला दहा दिवस लागतील. टपालाची गाडी इथे आठवड्यातून एकदा येते, ती कालच गेली. पुढची धरली तर किल्ली २४ च्या आत पोचत नाही. म्हणून हे पत्र आणि किल्ली एका पाकिटात घालून ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो खिंडीच्या पायथ्यापर्यंत जातो. तिथून पुढे तो कुणाला तरी देईल, तो आणखी कुणाला. पाकिटावर पत्ता लिहिलाय आणि खाली एवढंच की म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याचं काम आहे, २४ तारखेच्या आत पोचायला हवं. तुम्ही चिंतेने अर्धे व्हाल म्हणून तारही केली आहे.

तुम्ही रागवाल. पण मी या लोकांना महिनाभर बघतोय. इथला नाकेदार आणि त्याची बायको यांनी मला त्यांची एकुलती एक खोली दिली आणि दोघं स्वयंपाकघरात पथारी टाकतात. मी नको म्हटलं तर बाई माझ्यावरच खेकसली, की आम्ही काय तुझ्यासाठी झोपतोय तिथे, चूल गरम असते म्हणून झोपतोय. तुमचीच आठवण झाली.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. पेट्रोलच्या टाकीला तुम्ही बसवलेलं कुलूप धुळीने जाम झालं होतं. गाडी भर उन्हात उभी. एका घड्याळजीने दुकान बंद करून ते चिमट्याने उघडून दिलं. तो म्हणाला, हे ज्याने बनवलं त्याचा हात सोन्याचा आहे. मी म्हटलं, तो माझा दादा. तेव्हापासून त्याने मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

डोळ्याला जपा. शिंपीणबाईंना नमस्कार. माझ्यावर राग ठेवा, पण मायाही तेवढीच ठेवा.

आपला,
धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, द्यायचा म्हणून. वि. वि.

तार मिळाली. ‘किल्ली पाकिटात निघाली. पायथ्यापर्यंत ट्रकवाला. पुढे माणसांच्या हाती.’ बाईंकडून दोनदा वाचून घेतली. मला वाटलं त्याच चुकतायत.

अरे गाढवा, किल्ली म्हणजे काय कोबीचा गड्डा आहे, कुणाच्याही टोपलीत टाकायला? माझ्या घरचा पत्ता आणि माझ्या कपाटाची किल्ली एकाच पाकिटात घालून तू वाऱ्यावर सोडलीस. चोराला एवढी सोय त्याची सख्खी आईसुद्धा करून देत नाही. ट्रकवाला पहिल्या वळणावर ती खिडकीबाहेर फेकेल. नाही फेकली तर पायथ्याशी विसरेल. मी इथे दाराशी कान लावून बसतो. चार बोल्ट आणि एक साखळी लावलेली आहे, तरी डुलकी लागत नाही.

माझे प्रयत्न चालू आहेत. दोन दुपारी कपाटासमोर बसून तुझ्या बाजूच्या भोकात तार घालून पाहिली. पूर्वी बोटांना दिसायचं. आता बोटं थरथरतात, आणि आतली पट्टी माझीच असून मला दाद देत नाही. लोखंड कापणाऱ्याला बोलवावं तर ठिणग्यांनी आतले कागद जळतील.

परवा चौकातला किल्लीवाला स्वतःहून दारात आला. शिंपीणबाईंनीच बातमी पोचवली असणार, त्यांची जीभ त्यांच्या मशीनपेक्षा वेगात चालते. म्हणाला, गुरुजी, एकदा हात लावून बघू का? हा माणूस सायकलच्या कुलपांवर मोठा झाला, आणि मला गुरुजी म्हणतो! मी सांगितलं, कपाट रिकामं आहे, जा. बाई चिडल्या. म्हणाल्या, डोळा जाईल हो तुमचा. जाऊ दे. त्या डबड्याने माझं कुलूप उघडलं, तर मी डोळा घेऊन करू काय, तेच बघत बसू?

आज पंधरा. नऊ दिवस उरले. तुझ्या माणसांच्या हाती.

काळजी घे, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो.

दादा


ता. ६ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पट्टीशिवाय लिहितोय. ओळी सरळ आहेत का ते तूच बघ. मला तर सरळ दिसतायत.

२२ तारखेला दुपारी दार वाजलं. दाराच्या भोकातून एक पांढुरकं काहीतरी दिसलं. मी आतूनच म्हटलं, काही घ्यायचं नाही. पुन्हा वाजलं. म्हटलं, एकदा सांगितलेलं कळत नाही का? तिसऱ्यांदा तो माणूस म्हणाला, आजोबा, डोळ्याचं पाकीट आणलंय. मी म्हटलं, दाराखालून सरकव. पण दाराखाली फट नाही, ती मीच फळी ठोकून बंद केली आहे. मग चार बोल्ट आणि साखळी काढेपर्यंत तो उन्हात उभा. रंगारी होता, अंगाला चुन्याचा वास. तुझं पाकीट त्याला उसाच्या रसवाल्याकडून मिळालं, आणि काम दुसऱ्या टोकाला असून तो सायकलने इकडे आला. मी पाच-सहा प्रश्न विचारले, कुठला, कोणाचा, पाकीट किती वेळ तुझ्याकडे होतं. चिडला नाही. बावळट असावा. पाणी मागितलं, प्यायला, डोळा होईल ना बरा, असं विचारलं आणि गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

आता किल्ल्या दोन आणि माणूस मी एक. शेवटी शिंपीणबाईंना घरात घेतलं. एकोणीस वर्षं शेजारी आहेत, उंबरा पहिल्यांदा ओलांडला. मी एक-दोन-तीन म्हणायचं ठरलं, तर बाई ‘दोन’लाच फिरवून मोकळ्या, तेही उलट्या बाजूला. तीनदा करावं लागलं. कागद मिळाला. २४ ला डोळा झाला. पट्टी काढली तेव्हा समोर ती नर्स होती. माझ्या समजुतीपेक्षा बरीच लहान आहे. वाईट बोलायला नको होतं, पण बोललो ते बोललो.

घरी आल्यावर पहिली वस्तू स्वतः वाचली ती तुझं पाकीट. आतलं पत्र नंतर वाचलं. घड्याळजीचं समजलं, कुलूप धुळीने सैल झालं असणार, नाहीतर त्याला उघडलं नसतं. पण हाताबद्दल तो बोलला ते बरोबर आहे.

पाकिटाच्या मागच्या बाजूला तुझ्या लोकांनी जो बाजार मांडलाय तो तू पाहिलेला नाहीस, म्हणून कळवतो. ट्रकवाल्याने लिहिलंय, पायथ्याशी दिलं. एका नर्सने लिहिलंय, माझ्याकडे एक दिवस जास्त राहिलं, ड्युटी होती, क्षमा असावी. एक मास्तर लिहितो, आजोबांनी डोळे चोळू नयेत. याला कोणी विचारलं होतं? एकाला लिहिता येत नसावं, त्याने नुसतं तेलकट बोट उठवलंय. कोपरा फाटून किल्ली बाहेर डोकावत होती, तर कुणीतरी हिरव्या दोऱ्याने चार टाके घातलेत. शिंपीणबाई म्हणाल्या, टाका कच्चा आहे. पण बराच वेळ हातात धरून बसल्या.

मी मोजलं. अकरा जण. मग पाकीट खिडकीशी नेऊन नव्या डोळ्याने सगळ्या कडा तपासल्या. उघडून पुन्हा लावलेली वस्तू मला लगेच कळते, जन्म त्यात गेला. किल्ली काढायला मी कापलेली कड सोडली, तर कुठेही उघडलेलं नव्हतं. लाख नाही, शिक्का नाही, तुझ्या थुंकीने चिकटवलेलं पाकीट! अकरा माणसांत एकालाही आत काय आहे ते बघायची अक्कल नसावी? असल्या जगात मी पन्नास वर्षं कुणासाठी राबलो, ते सांग.

काल दिवसभर कपाट उघडून बसलो आणि कुलपातली मधली पट्टी काढून टाकली. आता दोन्हींपैकी कुठलीही एक किल्ली एकटी चालते. चौकातल्या किल्लीवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने काढलेली पट्टी उलटसुलट करून पाहिली, मग म्हणाला, गुरुजी, हे मला सात जन्मांत उघडलं नसतं. माणूस वाटला तेवढा डबडा नाही.

तुझी किल्ली या पत्रासोबत आहे. ती तुझी, तुझ्याकडेच असावी. येताना स्वतः घेऊन ये. खिंडीतून तू पुढे निघाला असशील आणि कुठे आहेस ते मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर पत्त्याच्या जागी तुझं वर्णन लिहिलंय: लाल मोटारसायकल, टाकीला पितळी कुलूप, स्वार म्हातारा, दिसायला भोळा आणि असायलाही भोळा. आज सकाळी हमरस्त्यावर नळाशी एक ट्रक पाणी घ्यायला थांबला होता, त्याला दिलं. ड्रायव्हरच्या सदऱ्याला दोन बटणं नाहीत. नीट बघितलं मी. असल्या माणसाकडून काय आशा ठेवायची!

रस्ता संपतो तिथे काय होतं ते कळव. काही नसणार. आशीर्वाद आहेतच, आणि लोभही. तूर्त वाढवायला हरकत नाही.

तुझा दादा

ता. क. पाकीट मुद्दाम मोठं घेतलंय आणि मागची बाजू कोरी सोडली आहे. या लोकांना काही ना काही खरडायची खोड असते.