परिशिष्टातली ओळ

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कबूल. कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून तू चार पानं सुनावलीस, ती पचायला वेळ लागला. प्राचार्यांना जे बोललो ते आजही बोलेन. टेबलावर हात मात्र आपटायला नको होता. काच फुटली.

नोकरी लागली. कायदेमंडळाची विधेयकं छापणारा छापखाना आहे. काम ऐकून हसशील. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कच्च्या पानावर नजर ठेवायची. वाचणारा मी. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. सध्या चार विधेयकं एकदम अंगावर आलीत: आरोग्य, घरं, संरक्षण, वित्त. घरांच्या विधेयकात 'घर' कशाला म्हणायचं ते लिहिलंय. त्या मापानं आपली खोली पेटी ठरते.

समोर लाल पेन घेऊन एक मुलगी बसते. सगळे तिला लालपेनच म्हणतात. दिवसभर मी तिच्याशी बोलतो आणि ती मान हलवते. पण बोलतो काय, तर 'कलम सात स्वल्पविराम पोटकलम दोन पूर्णविराम'. अशानं कुणाचं लग्न जमेल का, तूच सांग.

रागाव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १५ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काच फुटली हे आत्ता सांगतोयस! लालपेनला आधी खरं नाव विचार, मग लग्नाचं बघू. आणि संरक्षणाचं विधेयक डोळे उघडून वाच. पेपरात आलंय, शिकणाऱ्या मुलांना सैन्यातली सक्ती माफ, कॉलेज सोडून आलेल्या शूरवीरांना नाही.

आता कामाचं. बाबांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेते. चार तास मशीन रक्त धुतं, तोवर ते शेजारच्या खाटांना जुन्या बसमार्गांचे थांबे क्रमानं म्हणून दाखवतात. कंडक्टरकी सुटली, थांबे सुटले नाहीत. पण हे मशीन मिळतं बस खात्याच्या योजनेतून, आणि नवा आरोग्य कायदा झाला की ती बंद. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, कायद्याच्या शेवटी परिशिष्टात आजारांची यादी आहे. ज्याचा आजार यादीत, त्याचंच मशीन चालू राहणार. ती यादी तुझ्या तोंडून जाणार ना? तेवढी बघ रे.

जिभेला लगाम आणि पोटाला वेळेवर जेवण, एवढंच मागते.
ताई

ता. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओळ आहे! मूळ मसुद्यात, परिशिष्टाच्या दुसऱ्या पानावर: 'दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, यंत्राद्वारे रक्तशुद्धीसह'. बोट ठेवून तीनदा वाचली. बाबांना सांग, मशीन कुठं जात नाही. उद्या ते पान मी लालपेनपुढं वाचणार आहे. त्या ओळीला आवाज चढवीन म्हणतो.

आज तरी कौतुक कर.
तुझा धाकटा

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या हाती पडू देऊ नकोस.

छापील विधेयक काल सभागृहात वाटलं. त्यात ती ओळ नाही.

लागोपाठच्या दोन ओळी 'दीर्घकालीन'नं सुरू होतात, एक मूत्रपिंडाची, पुढची यकृताची. टाइप करणाऱ्याची नजर घसरली आणि पहिली गळली. असं काही पकडायलाच तर आम्ही दोघं बसतो. पण त्या ओळीशी आलो आणि मी मान वर केली. म्हटलं, ही माझ्या बाबांची ओळ. मग राहवेना. मशीन, थांबे, तुझी धावपळ, सगळं सांगून टाकलं. तिनं पेन खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची नजर पानावरून निघाली ती माझ्याकडं. म्हणाली, तिच्या आईचंही असंच होतं. आई आता नाही. तेवढ्यात फोरमन खाकरला. मी घाईनं खाली बघितलं आणि पुढं वाचू लागलो, यकृतापासून. मला वाटलं, मूत्रपिंड म्हणून झालं. तिला वाटलं, ऐकून झालं. तिनं सही केली.

आरोग्य खात्यात जाऊन साहेबांपुढं कबूल केलं. ते म्हणाले, शुद्धिपत्रक काढता येतं, पण वित्त खात्याची सही हवी. वित्त खात्यातला माणूस म्हणाला, या यादीनं खर्चाचा मेळ पहिल्यांदाच बसलाय, बघू. बघू! मी त्याची कॉलर धरली. पहारेकऱ्यानं जिन्यावरून खाली आणलं मला, पायऱ्यांना पाय न लागू देता.

दोन शब्द शिव्यांचे तरी पाठव.
तुझा धाकटा

ता. २९ मार्च

चि. तडतड्यास,
आशीर्वाद.

न्हाणीत कडी लावून पत्र वाचलं आणि फाडलं. कॉलर धरून आजवर तुझं कुठलं काम झालंय? परत जा. हात जोड. पाय धर. तुला जमत नसेल तर मला बोलाव, मी धरते.

तुला दोष देत नाही असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. देते. आणि तरी मेल्या, जेवलास का हेच आधी मनात येतं.

बाबांनी दवाखान्यात गावभर करून ठेवलंय, आपली ओळ माझ्या मुलानं स्वतः वाचली म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी तुला आशीर्वाद पाठवलाय. मी तो कसा पोचवू?

ताई

ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात जोडले. पाय धरले. लालपेनही आली, सहीचं पान छातीशी धरून, चूक माझी म्हणून सांगायला. आम्ही दोघं चूक आपल्या अंगावर ओढत होतो आणि आमच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.

काल चारही विधेयकं मंजूर झाली. बाकं वाजली, बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू आलं. आज खात्याचं लेखी उत्तर आलं: छापील यादी मसुद्याबरहुकूम आहे, चूक आढळली नाही. मूळ प्रत दाखवा म्हटलं. दाखवली. त्या ओळीवर आता निळ्या शाईची आडवी रेघ आहे, बाजूला फेब्रुवारीची तारीख आणि कुणाची तरी सही. ताई, मी मार्चमध्ये त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. तिथं रेघ नव्हती.

चूकच नाही, म्हणून आम्हाला शिक्षाही नाही. बस खात्याची योजना तीस जूनला बंद.

तिनं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. माझा आवाज कानावर आला की पानावर लक्ष राहत नाही म्हणाली. जाताना खरं नाव सांगितलं. तुला लिहीत नाही. ते मिळायची ही वेळ नव्हती.

बाबांना कोण सांगणार, तू की मी? चारदा बसलो लिहायला. 'ती. बाबांस'च्या पुढं हात जात नाही.

तुझा धाकटा

ता. २६ एप्रिल

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताई बाहेर गेलीय तोवर लिहून घेतो. अक्षराला हसू नकोस.

पेपरात नव्या कायद्याची यादी आली. बोट ठेवून दोनदा बघितली, आपली ओळ दिसेना. ताईला विचारलं तर म्हणते उद्याच्या अंकात असेल, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेते. म्हणून तुला विचारतो. पेपरवाल्यांकडून राहिली असणार. तू तर स्वतः वाचलीस.

पण खरंच राहिली असेल, तर कुणावर ओरडू नकोस. माझी तीस वर्षं गाडीत गेली. गर्दीत कधी गाडी सोडायची डबल बेल दिल्यावर दिसायचं, एक जण खालीच राहिला. मग मी घंटेची दोरी पुन्हा एकदा ओढायचो. ड्रायव्हर शिव्या घालायचा, पण गाडी थांबवायचा. थांबली नाही असं एकदाही झालं नाही.

तू आतच आहेस. तेवढी दोरी ओढ. आमच्या वॉर्डातले अकरा जण खाली उभे आहेत. मास्तरांना आधी घे, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. मी शेवटी चढेन, सवयच आहे.

थांब्यावरून,
बाबा