नाल्यापलीकडच्या घराची व्यवस्था

मी, वसुमती सूर्यकांत गायकवाड, वय चौऱ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, राहणार नाल्यापलीकडची आळी, मसोली, ता. डहाणू, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न भाचा ललित याने केला. तो वाया गेला, एवढी नोंद असावी.

१. जागा वडिलांनी माझ्या नावे केली, घर मी पगारातून बांधले. आळी नाल्यापलीकडेच का, हे ललितला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. गावच्या विहिरीवर आम्हा बौद्धांना आणि वारल्यांना मज्जाव होता. मुसलमानांना गावात जागा कोणी देईना. आम्हाला असे एकत्र आणल्याबद्दल गावाचे आभार. माझे वडील, शेजारीण हलिमाचे वडील आणि दुसरी शेजारीण काळी हिचा बाप हाल्या वारली यांनी आळीत विहीर खणली. पुढे एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली, तेव्हा गावातली तीच मंडळी भरदुपारी हंडे घेऊन आली. विटाळ बहुधा रजेवर होता. वडिलांनी त्यांना हाकलायला काठी उचलली. हाल्याने ती काढून घेतली आणि पहिला हंडा स्वतः भरून दिला. वडील त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

२. आता आळीत डांबरी रस्ता आल्याने आम्ही एकाएकी मोक्याच्या जागी राहू लागलो आहोत. ललितने बिल्डर आणला. इमारतीचे नाव समता हाइट्स. अट, मांसाहारी व इतर नकोत. ‘इतर’ कोण, हे सांगताना बिल्डर फार सभ्यपणे खोकला.

३. हलिमा आता नाही. तिची मुलगी नसरीन तलासरीच्या शाळेत शिकवते. डहाणू रोडला तिला भाड्याने खोली मिळत नाही. ती नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते. सबब घर व जागा माझ्या पश्चात नसरीनची. काळीने हयातभर पुढच्या खोलीत राहावे. दोघी सुक्या बोंबलाच्या वासावरून भांडतील. तो हक्कही अबाधित राहील.

४. ललित दर एप्रिलात समतेवर भाषण करतो. उभे राहून दमत असेल, म्हणून माझी लाकडी खुर्ची त्याला द्यावी.

५. माझे यजमान वारले तेव्हा ललित फोनवर रडला. हलिमा आणि काळीने तेरा दिवस माझी चूल पेटती ठेवली, मला ताटावर बसवले. या कागदाचा कच्चा मसुदा वाचून ललित म्हणाला, “आत्या, घर आपल्या माणसांत राहायला नको का?”

मी म्हटले, “म्हणूनच.”

वाचून, समजून सही केली.
वसुमती सू. गायकवाड

आमच्यासमक्ष सही झाली. या घरात आमचा वाटा नाही :
संगीता रघ्या वरठा
रविंद्र सुक्या धोदडे

मसोली, १४ मार्च २०१७