पहिला शिंपला उघडणाऱ्याचा

३ सप्टेंबर

काम मिळालं! स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खी खाडी दिसते. दारात लिंबाची झाडं, भिंतीवर तांब्याची भांडी, आणि घर सांभाळणारी म्हातारी फिलोमेना, जी माणूस उंबरा ओलांडेपर्यंत त्याच्या सात पिढ्या विचारून घेते. मला म्हणाली, नुन्त्सिया, एवढी घोडी झालीस, नवरा नाही, मग शिंपले तरी नीट उघडतेस का? मी म्हटलं, मावशी, नवरा उघडून बघण्यापेक्षा ते सोपं. हसता हसता तिला ठसका लागला. आडनाव मी आईचं सांगितलं. एजिदियो माझा भाऊ होता हे इथे कुणाला माहीत नाही. आज फार प्रसन्न वाटतंय.

६ सप्टेंबर

सावेरिओ मालक गोड बोलतात. मैदानावर अंथरायचं खोटं गवत आणि त्यात भरायचे प्लास्टिकचे हिरवे दाणे, हा त्यांचा कारखाना. पाऊस आला की आवारातले दाणे गटारातून थेट खाडीत. सगळं गाव बघतं. पण गावसभेत यांनी सांगितलं, घाण शिंपलेवाल्यांच्या नायलॉनच्या जाळ्यांची आहे, आणि गावाने माना डोलावल्या. चोर तो चोर, वर शिरजोर! एजिदियोची शिंपल्यांची शेती बंद केली. वडिलांपासूनची जागा होती ती. तो त्याच पाण्यात चालत गेला आणि परत आला नाही.

तेव्हापासून मालक पाहुण्यांसमोर खाडीचे म्हणून कच्चे शिंपले खातात, पाणी किती स्वच्छ आहे ते दाखवायला. खरं तर ते लांबच्या समुद्रातून येतात. यापुढे आणणार मी.

१४ सप्टेंबर

गटाराच्या तोंडाशी एजिदियोच्या दोऱ्या अजून लोंबतायत. त्यांवरचे शिंपले तळहाताएवढे झालेत. शिंपला दोरीला धरून राहतो तो आपल्या काळ्या धाग्यांच्या दाढीने. यांची दाढी हिरवी आहे आणि ओढून तुटत नाही. मांसात बारीक दाणे आहेत, पण वर लिंबू आणि मिरी असली की कोण बघतंय.

आमच्याकडे पहिला शिंपला उघडणाऱ्याने खायचा. त्याशिवाय कच्च्याला कुणी हात लावत नाही. ताटात मी दोरीवरचेच मांडले, फक्त माझ्यासाठी बाजारातला एक चांगला शिंपला कडेला ठेवला होता. मालकांनी पाहुण्यांसमोर ताट चाटूनपुसून संपवलं आणि म्हणाले, वा गं पोरी, ही खरी आपल्या खाडीची चव! खा, मी मनात म्हटलं. माझ्या भावाच्या नावाने खा.

५ ऑक्टोबर

मालकांचा घाम खरखरीत झालाय. फिलोमेना चादर झटकताना कुरकुरत होती, की हा बाबा अंथरुणात जेवतो की काय, नुसता हिरवा चुरा पडतो. डॉक्टरला काही सापडत नाही. शिंपले मात्र मालकांना आता रोज हवेत. मी कामात गाणी म्हणते.

१२ ऑक्टोबर

आज पाहुणे होते. मी कडेचा शिंपला उचलणार, तेवढ्यात मालकांनी ताटातला सगळ्यात मोठा घेतला, त्यावर लिंबू पिळलं आणि माझ्या ओठांशी धरला. आजचा मान माझ्या हातून घे, म्हणाले, तुझ्यामुळे खाडीचं नाव राहिलंय. नाही म्हटलं असतं तर त्या टेबलावर कुणी काही खाल्लं नसतं, आणि सगळं उघडं पडलं असतं. गिळला.

मग मोरीत बोटं घालून पाहिली. बाहेर येत नाही. आत कशाला तरी धरून बसलाय.

२० ऑक्टोबर

तळहाताला हिरवा धागा आलाय. उपटला तर रक्त आलं. भूक नाही. तहान आहे, पण खाऱ्या पाण्याची. जायला हवं इथून — पण तो सावेरिओ अजून हिंडतो, हसतो, लोकांना टाळ्या देतो. त्याचं झाल्याशिवाय मी जाणार नाही.

२७ ऑक्टोबर

फिलोमेना पळाली. त्याच्या पाठीचे धागे खुर्चीत रुतले होते, तिने कात्री लावली तर तो — ओरडला नाही. तोंड फक्त उघडलं. मिटेना. मी जवळ जाऊन सांगितलं, मी एजिदियोची बहीण. कळलं त्याला. डोळ्यांतून हिरवे दाणे ओघळले. याच दिवसासाठी जगत होते मी!

आता निघते —

३० ऑक्टोबर

नाही निघता आलं. पाय पाण्याकडेच वळतात. मागून तोही — खुर्चीसकट, पायऱ्यांवर खडखड —

तहान. फार तहान.

३१ ऑक्टोबर

पाऊस. गटार भरून वाहतंय. पाणी छातीपर्यंत, वही धक्क्यावर. डावा हात एजिदियोच्या दोरीला चिकटलाय. शेजारी तो. एकाच दोरीला, त्याच्याच शेजारी मी —

वाटलं होतं, इथे एजिदियो भेटेल. इथे कुणी नाही.

दाणे येतायत. त्याच्या तोंडात, माझ्या तोंडात. मरत नाही आम्ही. मिटतही नाही.

पस्तावले? नाही. डोळे अजून माझे आहेत. तो गिळतोय आणि मी बघतेय. पुढच्या पावसातही बघेन, त्याच्या पुढच्या — फक्त हे डोळ्यांवर हिरवं काय ये—