इस्त्री केलेलं पत्र

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या काकांनाही. तब्येत कशी आहे? डोळ्यांचं विचारत नाही, तू चिडतेस. (काका, कंसातलंही मोठ्याने वाचायचं. तुम्ही गाळलेलं तिला कळतं.)

माझा अंध मुलांचा वर्ग बरा चाललाय. सहा ठिपक्यांत सगळी मुळाक्षरं. जाड कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचं. मी मात्र ठिपके डोळ्यांनी बघून वाचते, हे मुलांनी लगेच पकडलं. एका ढगाळ दुपारी वीज गेली आणि मी वाचता वाचता थांबले. तेव्हापासून मी कुठेही अडले की अख्खा वर्ग एका सुरात विचारतो, "बाई, दिवा लावू का?"

असो. वर्गात एक मुलगी आहे. ती इतका वाद घालते की सगळे तिला वकिलीणबाई म्हणतात. तिने घरी पहिलं पत्र लिहिलं. कुणाला दाखवलं नाही, मलाही नाही. सुट्टीत नेऊन आईच्या हातात दिलं. आई इस्त्रीचं काम करते. तिला वाटलं, पोरीचा चांगला कागद दप्तरात खरबरीत झाला. माउलीने पाणी शिंपडलं आणि गरम इस्त्री फिरवली. (मनापासून. गिऱ्हाइकाच्या कपड्यांनाही इतकी कडक होत नसेल.) कागद शाळेत परत आला तो काचेसारखा गुळगुळीत, एकही ठिपका न उरलेला. आई फाटकाशी उभी राहून रडली. तिला ठिपके शिकवून पाहिले, पण इस्त्रीने बोटं राठ झालीत, ठिपका लागत नाही.

मुलगी रडली नाही. तिने पाटी ठेवून दिली. म्हणाली, "आम्ही लिहायचं, तुम्हीच वाचायचं, तुम्हीच चुका काढायच्या. मग तोंडीच सांगते की! कागद कशाला फुकट?" आता तिच्या शेजारी बसणारा मुलगाही लिहीत नाही. हा खटला ती जिंकली तर माझा वर्ग मिटला.

तू जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यास. मी तुला ठिपके शिकवते म्हटलं तर म्हणालीस, "पोराटोरांचं आहे ते. मला वाचून दाखवायला तुझे काका आहेत." (आहेत खरे. पण पेपरातल्या कुणाच्याही मरणाची बातमी ते तुला वाचून दाखवत नाहीत. काका, हेही वाचा.)

बाकी सर्व ठीक. प्रकृतीस जपावे.

तुझी भाची

ता. क. वकिलीणबाईला मी सांगितलं की माझी मावशी बोटांनी वाचते आणि तिला कुणी पत्र लिहीत नाही. काल तिने पाटी काढली.

आणखी एक ता. क. तिचं तुला लिहिलेलं पत्र पोस्टात पडलंय. मी रविवारी पाटी घेऊन येते. उत्तर तुझ्याच हातचं आणि ठिपक्यांतच हवं, काकांचं वळणदार अक्षर इथे चालणार नाही. मावशीच्या लिहिण्यात चुका फार असतात, असं मी तिला सांगून ठेवलंय. ती खूश आहे. म्हणाली, "लिहू दे त्यांना. मी तपासून देईन."