कलाशाळेतलं शेंदूर लावलेलं डोकं

मास्तर, त्या प्लास्टरच्या डोक्याचं पुढं काय झालं ते मला परवा कळलं. धाकट्या लेकीला तुम्ही शिकलात त्या कलाशाळेत घालायला शहरात गेलो होतो. इतकी वर्षं मनात एकच होतं, की आमच्या आईपायी तुमचा भोरचा चित्रकलेचा वर्ग मोडला, मी शिकत होतो तो.

तुम्ही शहरातून ते डोकं आणलंत तो दिवस आठवतो. परीक्षेला बसणाऱ्या पोरांनी ते बघून चित्र काढायचं, मग कलाशाळेला परत द्यायचं. कापूरहोळला मोटारीतून उतरलात, भोरकडं जायला बैलगाडी मिळेना, म्हणून जड ओझं फाट्यावरच्या आमच्या घरी ठेवून चालत गेलात. दुसऱ्या दिवशी मी रानातून येतो तर आईनं गोणपाट सोडलेलं, डोकं कोनाड्यात बसवलेलं, तेलात कालवलेला शेंदूर चोपडलेला आणि जत्रेतले पत्र्याचे डोळे मेणानं डकवलेले. म्हणाली, "गोणपाटात देव घालतंय का कुनी? आन त्याला डोळंच न्हाईत. आंदळा ठिवायचा व्हय?"

तेवढ्यात तुम्ही दारात.

"काकू, हा देव नव्हे."

"मंग कोन?"

"परदेशातला एक पोरगा आहे."

"आन नुसतं मुंडकं? आगं बया, कुनी केलं वो लेकराचं असं?"

तुम्ही ओट्यावर बसून पोट धरून हसलात. मग घासलेटाचा बोळा फिरवून पाहिलात आणि हसू मावळलं. तेल आत मुरलेलं. तुम्ही ते तसंच परत घेऊन गेलात, आणि त्या वर्षानंतर भोरला वर्ग भरला नाही. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, मला विचारवलं नाही. आई दोन घास कमी जेवायची. "मास्तरांचं माज्यामुळं गेलं," म्हणायची.

तुम्हीच सांगायचात, ही कलाशाळा इंग्रज साहेबानं काढली ती सुतार-कुंभारांच्या पोरांना कसब शिकवायला, आणि समोर मांडली ती त्यांच्या देशातली डोकी. तरी नाटकांचे पडदे, घरोघरच्या तसबिरी, गावोगावचे चित्रकलेचे मास्तर, सगळं तिथूनच निघालं. परवा त्या लांबलचक दालनात पांढऱ्या डोक्यांची रांग पाहिली आणि मधोमध आमचं शेंदरी. पत्र्याचे डोळे अजून जागच्या जागी. पोरं पुढ्यात बसून त्याचं चित्र रंगवत होती.

म्हातारा शिपाई म्हणाला, "भोरच्या मास्तरांनी असं परत आणलं. इथले मोठे साहेब फेकायला निघाले, तर मास्तर म्हणाले, राहू द्या, आपली माणसं मूर्तीकडं कशी बघतात तेही पोरांना कळू द्या. साहेबांना पटलं."

"पण त्यापायी त्यांचा वर्ग गेला ना?"

"छे हो. त्या साली बाहेरगावचे सगळेच वर्ग बंद झाले. मास्तरांना इथं बोलावत होते, तेच आले नाहीत."

मी तिथल्या बाकावर बसलो तो बसलोच. लेक म्हणाली, "बाबा, रडताय काय, प्रवेश मिळालाय मला."

आईला येऊन सांगितलं. आता कानानं कमी आहे, दोनदा सांगावं लागलं. म्हणाली, "मंग निवद कोन दावतंय त्याला?" आणि त्या दिवशी तिनं जास्तीची भाकरी मागून घेतली.

तुम्ही देवाघरी गेलात, हे पत्र आता कुठं धाडायचं, मास्तर. घडी घालून रंगाच्या डब्यात ठेवतो. एक मात्र तुमच्यासमोर कधी बोललो नाही. मला ते डोकं आईनं डोळे लावल्यावरच आवडलं होतं.