पुणेकरांच्या तोडीचं पत्र

९ जानेवारी १९३८, परतूर
नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण पक्का. यंदा कादंबरी पुरी करायची. पुण्याच्या त्या थोर कादंबरीकारांच्या तोडीची. त्यांचं नाव इथे लिहिणार नाही. त्यांनी कुठे माझं लिहिलंय? या वहीत ते नुसते ‘पुणेकर’. आणि मुंबईचे ते कथालेखक ‘मुंबईकर’.
तुलना केली. पुणेकरांची वाक्यं लांब, माझी त्याहून लांब. त्यांच्या उपमा लगेच कळतात, माझ्या उपमांवर विचार करावा लागतो. मुंबईकर चार शब्दांत आटपतात. घाईत असावेत.
आज गावात मला मार्तंड मास्तर म्हणतात. पुढे नुसतं मार्तंड म्हणतील.
शाळेतून आल्यावर लिहिणार होतो. डोकं दुखलं.

१४ जानेवारी
तीळगूळ. लिहिणं नाही. स्टाइलचा विचार मात्र पुष्कळ केला.

२० जानेवारी
मागच्या गल्लीतली चतुराबाई आली. तिचा नवरा कचरू बिमार आहे. अंगात ताप, अन्न जात नाही. मुलगा भुजंग सिकंदराबादला गिरणीत. म्हणाली, मास्तर, त्याला लिव्हा, बाप लई बिमार हाय, तुझं नाव काढून राह्यलाय, जल्दी ये.
मी म्हणालो, निश्चिंत राहा, असं लिहितो की दगडाला पाझर फुटेल.
ती म्हणाली, बराबर लिव्हा म्हंजे झालं.

२१ जानेवारी, सकाळ
पत्र झालं. हात थांबतच नव्हता. दोन वाक्यं उतरवून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील.
‘हे प्रिय वत्सा! ज्या वटवृक्षाच्या शीतल छायेत तुझे बालपण बागडले, त्याची पाने आज शिशिराच्या निर्दय फुंकरीने एकेक गळत आहेत. पश्चिम क्षितिजावर टेकलेला तो तेजोनिधी आपले किरण आवरण्यापूर्वी तुझ्या वाटेकडे पाहत आहे...’
पुणेकरांना तेजोनिधी सुचला नसता.
अरुंधतीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, यात कचरूभाऊ कुठं आहेत? मी समजावलं, वटवृक्ष तेच, तेजोनिधीही तेच. ती म्हणाली, मंग शेवटी एक ओळ टाका ना, बाप आजारी आहे म्हणून. मी म्हणालो, त्याने सगळा परिणाम जाईल.
बायकोला साहित्याची समज असतीच तर मी एव्हाना कुठे असतो.
पोस्टात टाकलं.

२ फेब्रुवारी
भुजंगचं कार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘पत्र पोचले. वाचून फार आनंद झाला. वड वाळला असेल तर तोडून जळणाला घ्यावा. होळीला येतो.’
दोनदा वाचलं.
एवढी साधी उपमा कळू नये? शिक्षणाचा अभाव. दोष लेखकाचा नाही.
चतुराबाईला एवढंच सांगितलं, होळीला येतो म्हणतोय. ती उंबऱ्यावर बसून राहिली. म्हणाली, होळीपर्यंत कुणी बघितलंय, पुन्यांदा लिव्हा मास्तर. कबूल केलं.
पाहायला गेलं तर वाचकाप्रमाणे स्टाइल बदलावी लागते. पुणेकरांना हे जमत नाही. या खेपेला मुंबईकरांच्या धर्तीवर.

३ फेब्रुवारी
लिहायला बसलो. मुंबईकरांचं ‘थोडक्यात’ दिसतं तितकं सोपं नाही. ‘सांज. ओसरी. एक खोकला.’ इथवर आलो. पुढचा शब्द बसेना. अरुंधती म्हणाली, मी लिहू का? मी हसलो.

४ फेब्रुवारी
शाळेत तपासणी. साहेबांपुढे उभा, पण डोक्यात पत्रच. ‘एक खोकला’ काढून ‘खोकला एक’ केलं. बरं वाटलं. उद्या सकाळच्या डाकेत नक्की.

५ फेब्रुवारी
कचरू पहाटे गेला.
पत्र टेबलावरच होतं.
स्टेशनवरच्या रामराव बाबूंनी तार केली. मजकूर त्यांनीच घातला. मला कोणी विचारलं नाही.

८ फेब्रुवारी
भुजंग काल आला. राख सावडून झाली होती.
आज भेटायला गेलो. तो ओसरीवर बापाच्या घोंगडीशेजारी बसला होता. मी बसलो. तो म्हणाला, मास्तर, तुमचं पत्र आल्तं. आमच्या खोलीतल्या एकानं वाचून दाखवलं. सगळे वा वा म्हणले. पुन्हा वाच म्हणले. शेजारच्या खोलीतून एक शिकलेला माणूस आला, त्यानं हातात घेऊन पाह्यलं अन् इचारलं, हे पुण्याच्या त्या अमक्यांचं हाय का?
त्याने नाव घेतलं. पुणेकरांचंच.
इतकी वर्षं मी हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहत होतो.
भुजंग म्हणाला, म्या पत्र कपड्याच्या पेटीत जपून ठेवलं. लई चांगलं लिव्हलं व्हतं. पण मास्तर, बाप बिमार हाय असं त्यात कुठं व्हतं?
आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.
मी म्हणालो, होतं.
तो म्हणाला, असंल, आमालाच कळलं न्हाई.
घरी आलो. अरुंधतीने ताट वाढलं. ‘ती एक ओळ’ म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी
कादंबरी नाही. पुणेकर वाचले नाहीत. मुंबईकर वाचले नाहीत.

१३ फेब्रुवारी
चतुराबाई आली. कपाळ मोकळं. कचरूची बहीण साळूबाई नांदेडकडे असते, तिला कळवायचं. दुसऱ्या कोणाकडे का गेली नाही, कळत नाही.
काय लिहू, विचारलं. म्हणाली, तुमाला ठावं. मी म्हणालो, तुम्हीच सांगा. सांगितलं तसं लिहिलं. ‘कचरू वारला. फार हाल झाले नाहीत. तेराव्याला ये.’ वाचून दाखवलं.
ती पुढचं ऐकायला थांबली होती. पुढे काही नव्हतं.
मग हळूच म्हणाली, भुजंगाला लई मोठं लिव्हलं व्हतं तुमी. आता मालक न्हाईत, म्हून एवढंच का?
मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. तिने कार्ड पदराखाली घेतलं आणि म्हणाली, राहू द्या मास्तर, पोस्टात मीच टाकते.